नागपुरात सध्या काय सुरू, काय बंद? (आणि बाबांना घरात कसं बसवायचं?)

खामल्याचा_पोरगा | १४ मार्च २०२०, रात्री ९.४०

मंडळी, मी बंगळुरूला असतो. आई-बाबा खामल्यात, दोघंच. बाबा ७१ वर्षांचे, बीपी आणि शुगर दोन्ही सोबतीला. बुधवारी, ११ तारखेला, नागपुरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडल्याची बातमी आली आणि त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेनं ही महामारी असल्याचं जाहीर केलं. मी घाबरून घरी फोन लावला. आई म्हणाली, "बाबा खर्रा आणायला गेलेत, येतील दहा मिनिटांत."

दहा मिनिटं म्हणजे पाऊण तास. पानठेल्यावर त्यांची चौकडी असते, सगळे रिटायर्ड. खर्रा, म्हणजे आपली सुपारी-तंबाखू, घोटून होईस्तोवर देशाचं राजकारणही घोटून होतं, आणि मग एकाच पन्नीतून चौघंही चिमूट चिमूट उचलतात. मी म्हटलं, बाबा, नेमकं हेच नको. तर म्हणाले, "१९९४ चा सुरतेचा प्लेग पाहिलाय आम्ही. तेव्हाही लोक असेच पळत होते."

थिएटर, जिम, पोहण्याचे तलाव बंद झाल्याचं वाचलं. बाकी काय चालू आहे ते इथे लिहीत जाल का? औषधं, दूध, किराणा. आणि बाबांना घरात बसवायची कुणाकडे युक्ती असेल तर तीही सांगा.

इतवारी_ठोक | १४ मार्च, रात्री १०.०५

काही नाही होत भाऊ. नागपूरचं ऊन म्हणजे काय समजून राहिले तुम्ही? मे महिन्यात ४५ डिग्रीत इथं माणूस टिकत नाही, त हा विषाणू कुठं टिकते? एप्रिल लागू द्या फक्त. बाबांले खाऊ द्या खर्रा.

गिरीपेठ_औषधी | १५ मार्च, सकाळी ७.१५

माझं मेडिकल स्टोअर आहे म्हणून लिहितो. मास्क आठ दिवसांपासून नाहीत. सॅनिटायझर येतं आणि दुपारपर्यंत संपतं. परवा, १३ तारखेला, केंद्रानं दोन्ही गोष्टी जीवनावश्यक वस्तूंत टाकल्या, पण कागदावरचा माल माझ्या रॅकवर कसा यायचा? काल एक गृहस्थ मास्कचा अख्खा डबा मागत होते. घरात माणसं किती विचारलं, तर तीन.

सॅनिटायझर नसलं तरी काही अडत नाही. या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं आणि साधा आंघोळीचा साबण ते आवरण फोडतो. वीस सेकंद नीट चोळून धुवायचे हात. लोकांना मात्र पाच रुपयांच्या साबणावर भरवसा नाही, दोनशेच्या बाटलीवर आहे.

खामलेकर, बाबांची बीपी-शुगरची औषधं एक महिन्याची घेऊन ठेवा. सहा महिन्यांची नको, दुसऱ्यालाही लागतात.

इतवारी भाऊ, माणसाचं शरीर बारा महिने ३७ डिग्रीवरच असतं आणि हा विषाणू त्यातच मजेत राहतो. उन्हाच्या भरवशावर राहू नका.

संत्रागोळी | १५ मार्च, सकाळी ९.३०

शाळा बंद झाल्या, पण दहावीचे पेपर सुरूच आहेत. माझ्या लेकीचा शेवटचा, भूगोलाचा पेपर २३ तारखेला आहे. केंद्रावर जाताना रुमाल बांधते. परवा पर्यवेक्षिका म्हणाल्या, "रुमाल काढ, चेहरा ओळखू येत नाही." काढला, ओळख पटली, परत बांधला.

कोंबडी फुकटात वाटायची पाळी आली आहे म्हणे. आमच्या घरी सावजी रस्सा खाणारी माणसं पंधरा दिवसांपासून वांग्याची भाजी खात आहेत. सासूबाईंना सांगून थकले की कोंबडीचा काही संबंध नाही.

उडती_तबकडी | १८ मार्च, दुपारी १.२०

मी काल सिंगापूरहून आलो. मुंबई विमानतळावर डाव्या हाताच्या पंज्यावर शिक्का मारला. निवडणुकीच्या शाईसारखी शाई आहे, १४ दिवस घरात राहायचं. मी राहतोय. वरची खोली, वेगळं ताट, वेगळा संडास. बायको दाराशी जेवण ठेवते आणि खाली गेल्यावर मी दार उघडतो.

हे सगळं ठीक आहे. पण काल टॅक्सीतून उतरताना कुणीतरी खिडकीतून माझा फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो सोसायटीच्या ग्रुपवर होता, बॅगेसकट. खाली लिहिलं होतं, 'ब विंगमध्ये पेशंट आला आहे.' मला ना ताप, ना खोकला. आज सकाळी दूधवाल्यानं पिशवी फाटकाच्या खिळ्याला टांगली. मोलकरणीला मी स्वतःच येऊ नको म्हटलं होतं, पगार चालू ठेवून. पण आता तिला आमच्या मजल्यावरच्या दुसऱ्या घरांनीही काढलंय. तिचं काय चुकलं?

इतवारी_ठोक | १८ मार्च, दुपारी १.४५

लोक भेले आहेत भाऊ. पण फोटो काढायले नको होता.

संत्रागोळी | १८ मार्च, दुपारी २.१०

त्या बाईंचा नंबर मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. कामावर नाही घेऊ शकत, पण महिन्याचं राशन देऊ शकते.

खामल्याचा_पोरगा | २० मार्च, रात्री ८.३०

मुख्यमंत्र्यांनी मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवडसोबत नागपूरही ३१ पर्यंत बंद केलं. आता तरी बाबा ऐकतील म्हणून फोन केला. ठेला बंद झालाय. पण ठेलेवाला घरून देतो आहे! गल्लीच्या मागच्या दारानं, शिट्टी वाजवली की. वीसचा खर्रा तीसला. बाबा म्हणाले, "गर्दी नसते आता, उलट सुरक्षित आहे." यावर काय बोलायचं?

काटोलरोड | २१ मार्च, सकाळी ६.५०

नमस्कार. धागा शहराचा आहे, पण आमचंही ऐका. काटोलकडे माझी संत्र्याची बाग आहे, साडेतीन एकर. मृग बहार झाडावर आहे. व्यापाऱ्यानं फेब्रुवारीत सौदा केला आणि इसार दिला. आता फोन उचलत नाही. उचलला तेव्हा म्हणाला, "दादा, दिल्लीकडे गाडी पाठवली त परत येईल काय, सांगता येत नाही." एक तोडा झाला, उरलेला झाडावर. संत्रं आंब्यासारखं पाडून, घरात पिकवून ठेवता येत नाही. पिकलं की झाडावरच पोकळ व्हायला लागते आणि मग गळते.

संत्रागोळी | २१ मार्च, सायंकाळी ५.४०

भूगोलाचा पेपर पुढे ढकलला! लेक आधी नाचली आणि मग रडली. म्हणे, "आई, दोन दिवसांत संपलं असतं गं." नकाशे, लोकसंख्येची घनता, ॲमेझॉनचं खोरं, सगळं पाठ करून बसली होती.

रातपाळी | २२ मार्च, रात्री ११.५५

पाच वाजता आमच्या गल्लीत थाळ्या, घंटा, शंख वाजले. मी गॅलरीत उभी होते. सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे, आजची सुट्टी होती. समोरच्या काकू माझ्याकडे बघून थाळी वाजवत होत्या आणि मला खरंच भरून आलं. मग कोपऱ्यावरची पोरं ढोल घेऊन रस्त्यावर आली आणि त्यांच्या मागे वीस-पंचवीस माणसं. दिवसभर पाळलेला जनता कर्फ्यू पाच मिनिटांत वाहून गेला.

रात्री नऊला घरमालक आले. दारातूनच बोलले. "ताई, तुमचं काम मोठं आहे, आम्हाला अभिमान आहे. पण घरात लहान मुलं आहेत. दुसरीकडे सोय होते का बघा ना." पाच वाजताची थाळी त्यांच्या हातातही होती.

गिरीपेठ_औषधी | २३ मार्च, सकाळी ६.३०

ताई, कुठल्या भागात आहात? आमच्या दुकानावरची खोली रिकामी आहे. पंखा आहे, नळ आहे, गॅस नाही. भाडं नको. निरोप पाठवा.

रातपाळी | २३ मार्च, सकाळी ८.००

पाठवला, दादा.

खामल्याचा_पोरगा | २५ मार्च, सकाळी १०.१५

पाडव्याच्या शुभेच्छा म्हणायला जीभ वळत नाही. काल रात्री आठला पंतप्रधानांचं भाषण झालं आणि २१ दिवस लॉकडाऊन म्हटल्यावर आईचा पहिला प्रश्न: "गाठी कुठून आणू?" साखरेच्या गाठीशिवाय गुढी तिनं आयुष्यात उभी केली नाही. भाषण संपायच्या आत बाबा किराणा दुकानापुढे रांगेत होते. तिथं दीडशे माणसं, खेटून. दोन किलो तुरीची डाळ, पाच किलो आलू आणि आगपेटीचा पुडा घेऊन आले. आगपेट्या कशाला? गॅसला लायटर आहे! गाठी नाहीत. आईनं बत्तासे दोऱ्यात ओवले.

आजचे भाव कुणी सांगेल का?

संत्रागोळी | २५ मार्च, सकाळी ११.००

मानेवाडा, दारावरची गाडी: टमाटर ६०, सांभार एक जुडी ३०, वांगी ४०. सांभार तीसला! एरवी भाजीवाला वरून फुकट टाकतो. गर्दीत जायची गरज नाही, दोन दिवसांत गाड्या येतील. आणि पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी: सांभार म्हणजे कोथिंबीर, सांबर नव्हे.

इतवारी_ठोक | २७ मार्च, दुपारी ३.३०

आता माह्यं ऐका. माह्या धंदा कूलरचा. पंप, मोटर, ताट्या, जाळ्या, सगळं ठोक. आमचा सीझन म्हणजे पाडव्यापासून अर्धा मे. दोन महिन्यांत कमावतो आणि वर्षभर खातो. गोदाम फुल्ल आहे, शटर खाली. माल उधारीवर उचललेला. रिझर्व्ह बँकेनं आज हप्ते तीन महिने पुढे ढकलले, चांगलं केलं, पण व्याज चालूच आहे न? आणि ठोकवाल्याची उधारी कोण ढकलणार? कामावरची दोन पोरं मध्य प्रदेशातल्या शिवनीची. मी म्हटलं थांबा, खायले देतो. नाही थांबली. पायी निघाली.

काटोलरोड | २८ मार्च, सायंकाळी ७.००

शेतमालाचा पास मिळाला म्हणून काल टेम्पो घेऊन आलो होतो. परत जाताना आउटर रिंग रोडवर पायी जाणारी माणसं पाहिली. हैदराबादकडून आलेली, मध्य प्रदेशात चाललेली. एका बाईच्या पायात दोन वेगळ्या चपला. एक निळी, एक पुरुषाची. टेम्पोत तीन क्रेट उरले होते, ते तिथंच उघडले. एक पोरगा संत्रं सालीसकट खाऊ लागला, मी सोलून दिलं. शिवनी अजून किती विचारत होते. सव्वाशे किलोमीटर आहे म्हणायला तोंड उघडेना. "जवळच आहे" म्हणालो. खोटं बोललो.

इतवारी भाऊ, तुमची पोरं यात होती काय, माहीत नाही.

इतवारी_ठोक | ३० मार्च, सकाळी ९.१०

पोहोचली. आज फोन आला. गावाबाहेरच्या शाळेत ठेवलं आहे १४ दिवस.

खामल्याचा_पोरगा | ३० मार्च, सकाळी ९.३०

बरं झालं. काटोलरोड, तुमची संत्री आमच्या लेआउटमधल्या लोकांनी मिळून घेतली तर टेम्पो येईल का? आई दहा-बारा घरांना विचारते म्हणाली.

काटोलरोड | ३० मार्च, सकाळी ९.५०

पंधरा क्रेटच्या वर असेल तर येतो. तुमच्या आईंचा नंबर निरोपात द्या.

व्यवस्थापक | ३ एप्रिल, दुपारी १२.००

काल रात्रीपासूनचे नऊ प्रतिसाद उडवले आहेत. अमुक धर्माचा फळवाला असं करतो, तमुक वस्तीतून भाजी घेऊ नका, असले व्हिडिओ इथे चालणार नाहीत. कुठला आहे, कधीचा आहे, कुणालाच ठाऊक नसतं. उडवलेल्यांपैकी दोघं जुने सदस्य आहेत आणि मला वैयक्तिक ओळखतात. तरीही.

कोराडीवाला | ४ एप्रिल, रात्री ८.२०

उद्या रात्री नऊला नऊ मिनिटं घरातले दिवे मालवा असं पंतप्रधानांनी सांगितलंय, त्याबद्दल विचारणा होते आहे. ऊर्जामंत्री नितीन राऊत, जे आपले पालकमंत्रीही आहेत, त्यांनी सगळे दिवे एकदम मालवू नका असं म्हटलंय. त्यांची भीती उगाच नाही. कारखाने बंद असल्यानं मागणी आधीच खाली आहे आणि त्यात एकदम खड्डा पडला तर फ्रिक्वेन्सी उसळते. औष्णिक संच पटकन खाली-वर होत नाहीत, जलविद्युत होते. फक्त दिवे बंद करा. पंखा, फ्रिज चालू ठेवा.

कोराडीवाला | ६ एप्रिल, सकाळी ७.००

झालं, पार पडलं. देशाची मागणी ३१ हजार मेगावॉटहून जास्त घसरली आणि परत चढली. झोप झाली नाही. लोकांनी फटाके फोडले, त्याचा ग्रिडशी संबंध नाही, पण सांगून ठेवतो.

संत्रागोळी | ६ एप्रिल, रात्री १०.४०

शहरातला पहिला मृत्यू. सतरंजीपुऱ्यातले गृहस्थ. रिपोर्ट मृत्यूनंतर आला म्हणतात. आतापर्यंत बाहेरदेशी जाऊन आलेल्यांचा आजार वाटत होता. आता सीताबर्डीचा बाजारही लांब वाटत नाही.

इतवारी भाऊ, तुमचं घर तिकडेच ना?

इतवारी_ठोक | ७ एप्रिल, पहाटे ५.५०

हो. गल्लीच्या दोन्ही तोंडांले बांबू-टिना लागल्या. दूध महानगरपालिकेची माणसं देतील म्हणतात. पलीकडच्या घरातली आठ माणसं रात्री बसनं नेली, क्वारंटाइनले. त्यात माह्यासोबत पतंग उडवणारा दोस्त. बसच्या खिडकीतून हात केला त्यानं. मी पण केला.

ते उन्हाचं मी लिहिलं होतं, ते वाचून राहिलो परत. असो.

उडती_तबकडी | ७ एप्रिल, सकाळी ८.३०

भाऊ, मी १४ दिवस आत काढलेत. एकच सांगतो: वेळापत्रक ठेवा आणि ग्रुपवरचे आकडे दिवसातून एकदाच बघा. माझा शिक्का पुसट झालाय, पण फोटो अजून ग्रुपवर आहे. काढा म्हटलं तर अॅडमिन म्हणतात, आता कोण बघतंय.

संत्रागोळी | १२ एप्रिल, सायंकाळी ६.१५

भूगोल रद्द! कायमचा. शिक्षणमंत्र्यांनी जाहीर केलं. लेकीनं पुस्तक कपाटात ठेवलं, मग काढलं, मग परत ठेवलं. सासूबाई विचारत होत्या, "म्हणजे पोरगी पास की नापास?" पुढचं बोलणं आता रात्री नऊचं 'रामायण' संपल्यावर.

खामल्याचा_पोरगा | १५ एप्रिल, रात्री ९.००

लॉकडाऊन ३ मेपर्यंत. आमच्या घरचा खर्रा मात्र बंद झाला! ठेलेवाल्याकडची सुपारी संपली. दोन दिवस बाबा कुणाशीच बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी आईवर ओरडले, चौथ्या दिवशी बडीशेप मागितली. आता दर तासाला बडीशेप खातात. निदान आई तसं सांगते. व्हिडिओ कॉलवर त्यांच्या गालात काहीतरी असतं, विचारलं की कॅमेरा आईकडे वळतो.

नवीन अडचण. पारा चाळीशीपार आहे आणि कूलरचा पंप पाणी चढवत नाही. घूं आवाज करतो आणि बंद. दुकानं बंद, मिस्त्री येत नाही. एसी नाही. दुपारी दोघं फरशीवर ओलं पोतं टाकून झोपतात. इतवारी भाऊ, काही होईल का?

इतवारी_ठोक | १५ एप्रिल, रात्री ९.२०

माह्या गोदामात तीनशे पंप आहेत, आणि गोदाम टिनाच्या आत. मी पण. एकही बाहेर नाही देऊ शकत, काय करता.

पण ऐका. घूं करते म्हणजे मोटर जिवंत आहे. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार लय. मागच्या वर्षीचे जमून बसले असतील. आधी प्लग काढा. काढा म्हणजे काढा, बटन बंद करून चालत नाही. पंप बाहेर घ्या, खालची जाळी ओढली की निघते. आत छोटं चाक असते, पंखुड्यांचं. ते हळू ओढा, चुंबक आहे, जोरात नको. चाक आणि त्याची खोबण लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर. सकाळी जुन्या ब्रशनं घासा. परत बसवताना बोटानं फिरवून पाहा, मोकळं फिरलं पाहिजे. ताट्या कुजल्या असतील त फेकू नका, झटकून उलट्या लावा, एक महिना निघते.

बाबांले स्टुलावर चढू देऊ नका.

खामल्याचा_पोरगा | १६ एप्रिल, सकाळी ११.३०

चढले. मी फोनवर ओरडत होतो. आईनं स्टूल धरलं होतं. लिंबूसत्त्व नव्हतं, तर काटोलरोडच्या दोन आंबट संत्र्यांचा रस आणि लोणच्यासाठी ठेवलेली लिंबं पिळली. रात्रभरात पाणी पांढरं झालं. चाक मोकळं फिरतंय म्हणाले. आता लावतात.

इतवारी_ठोक | १६ एप्रिल, सकाळी ११.३२

प्लग सगळ्यात शेवटी.

खामल्याचा_पोरगा | १६ एप्रिल, दुपारी १२.०५

चढलं पाणी. आईनं फोन कूलरसमोर धरला, मग बहुतेक खिडकीत तसाच ठेवून दोघं आडवी झाली. पडद्यावर फक्त ओली ताटी दिसत होती आणि घरघर. इकडे माझी मीटिंग सुरू व्हायची होती. मी कॉल कापला नाही.